‘रोमन’ अंगुस्तान : एक लोकप्रिय खोट आणि तिचे बळी

दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर एक गोड गोष्ट नव्याने उगवते. ॲम्स्टरडॅममध्ये निकोलस व्हान बेन्स्कोटेन नावाचा सोनार होता. १६८४ साली एका स्त्रीच्या नाजूक बोटांना सुई टोचू नये म्हणून त्याने तिला भेट द्यायला धातूचे छोटेसे टोपण घडवले. आणि अशा रीतीने अंगुस्तानाचा शोध लागला. गोष्टीत प्रेम आहे, सन आहे, शहर आहे आणि कारागिराचे नावही आहे. नाही ते एवढेच, की तिला कोणताही आधार नाही.

आधार नाही म्हणजे केवळ पुरावा सापडत नाही, असे नव्हे. विरुद्ध पुरावा ढिगाने आहे. जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहरात मेंडेल घराण्याने वृद्ध, निराधार कारागिरांसाठी १३८८ मध्ये एक आश्रम स्थापन केला होता. तेथे राहिलेल्या प्रत्येक कारागिराचे त्याच्या धंद्यासह चित्र काढण्याची प्रथा पंधराव्या शतकात सुरू झाली. त्या चित्रवहीत लोहार आहे, सुतार आहे आणि अंगुस्ताने घडवणारा कारागीरही आहे. १५६८ मध्ये योस्ट अम्मान या चित्रकाराने निरनिराळ्या व्यवसायांचे चित्रमय पुस्तक काढले, त्यातही अंगुस्तानकाराला स्वतंत्र पान मिळाले. (त्या पुस्तकातील पद्ये रचणारा हान्स साक्स हा धंद्याने चांभार होता, बोटाला सुई टोचणे म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होते.) म्हणजे ॲम्स्टरडॅमचा सोनार प्रेमात पडण्यापूर्वी शे-दोनशे वर्षे न्यूर्नबर्गात या वस्तूवर पोट भरणारे लोक होते. १५४५ मध्ये सोलेंटच्या पाण्यात बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरही खलाशांच्या शिवणसामग्रीत अंगुस्ताने निघाली. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

१६८४ ची थाप खोडणे सोपे आहे, म्हणून ती तितकीशी घातकही नाही. खरा उपद्रव दुसऱ्या दंतकथेचा आहे, आणि ती अभ्यासकाचा पोशाख घालून वावरते. ‘रोमन अंगुस्तान, पहिले-दुसरे शतक, कांस्य’ अशा चिठ्ठीसह शेकडो वस्तू आज जालावर विक्रीस असतात. ‘जगातील सर्वांत जुने अंगुस्तान पाँपेईचे’ हे वाक्य इतिहासविषयक पानांवर एखाद्या शिलालेखाच्या थाटात मिरवते. त्याला उत्तर म्हणून कोणीतरी चीनमधील हान काळातील थडग्यातली कडी पुढे करतो, आणि मग ‘पहिला कोण’ या शर्यतीत मूळ प्रश्नच हरवतो. तो प्रश्न असा : ही वस्तू जुनी आहे, हे ठरवले कोणी आणि कशावरून?

बहुतेक वेळा उत्तर एकच असते : दिसते जुनी म्हणून. कांस्य आहे, हिरवट गंज चढला आहे, आकार ओबडधोबड आहे, आणि शेजारच्या शेतात रोमन नाणी मिळाली होती. सुतावरून स्वर्ग गाठणे यालाच म्हणतात. तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा गंज चढायला दोन हजार वर्षे लागत नाहीत. ओलसर जमिनीत त्याला फार थोडा काळ पुरतो. ओबडधोबडपणा हे तर वयाचे लक्षणच नव्हे, ते स्वस्ताईचे लक्षण आहे.

या विषयावर आयुष्य खर्ची घातलेला इंग्रज अभ्यासक म्हणजे एडविन होम्स. त्याचा अंगुस्तानांचा इतिहास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९८८ मध्ये उत्खननात काम करणाऱ्यांसाठी त्याने काही पानांचे एक टिपण लिहिले. ‘रोमन’ म्हणून मिरवणारी अंगुस्ताने त्याने एकेक करून तपासली आणि जो निष्कर्ष काढला तो संग्राहकांना रुचणारा नव्हता : ब्रिटनमध्ये रोमन काळाशी निःसंशय जोडता येईल असे धातूचे अंगुस्तान नाही, तेथे ही वस्तू खऱ्या अर्थाने दिसू लागते ती चौदाव्या शतकात. हा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन आज चार दशके होत आली. विक्रीच्या चिठ्ठ्या मात्र तशाच आहेत. अज्ञान एकदा भाव मिळवू लागले की ते सहजासहजी दूर होत नाही.

येथे एक आक्षेप हटकून येतो. वस्तू रोमन अवशेषांच्या जागी, रोमन विटांच्या सोबत मिळाली असेल, तर ती रोमन का नाही? आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

अंगुस्तान ही जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर उंचीची वस्तू. उंदराच्या बिळातून ती खाली जाते, नांगराच्या फाळाने वर येते, विहीर खणताना एका थरातून दुसऱ्यात पडते. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर जे पुस्तक लिहिले, त्यात इंग्लंडमधील रोमन घरांच्या फरश्या गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली कशा हळूहळू गाडल्या गेल्या, याचे मोजमाप दिले आहे. जे किडे आख्ख्या फरशीला मातीआड करतात, त्यांना एक टोपण हाताभर खाली नेणे अवघड नाही. त्यात शेताची रीत वेगळीच. मध्ययुगात आणि नंतरही घरातला केरकचरा, राख आणि शेण उकिरड्यावर जमे आणि तेथून गाडीने शेतात जाई. केरात पडलेले अंगुस्तान खताबरोबर शेतात पोचे. त्या शेताखाली एखादे रोमन घर झोपलेले असेल, तर पाच-सहाशे वर्षांनी येणाऱ्या खणकाला दोन्ही एकाच खड्ड्यात भेटणार. सोळाव्या शतकातील शिंप्याचे टोपण आणि दुसऱ्या शतकातील सरदाराची वीट यांचा हा बादरायण संबंध.

एकोणिसाव्या शतकातील उत्खनने याबाबत फार ढिसाळ होती. भिंत शोधायची, भिंतीच्या कडेने मजूर लावून खणत जायचे, जे हाती लागेल ते एका पेटीत टाकायचे आणि पेटीवर गावाचे नाव लिहायचे, ही तेव्हाची सर्रास रीत. पेटीत दोन हजार वर्षांचा माल एकत्र होई. पुढे कोणी ती पेटी उघडली, की गावाच्या नावावरून काळ ठरे.

या ढिसाळपणाविरुद्ध ज्यांनी शस्त्र उपसले त्यांत मॉर्टिमर व्हीलर अग्रभागी होता. टेसा व्हीलर आणि त्याने १९३० ते १९३३ या काळात व्हेरुलेमियमचे, म्हणजे आजच्या सेंट आल्बन्सचे, उत्खनन केले. नियतीचा विनोद असा, की ‘रोमन अंगुस्ताना’च्या जालीय याद्यांत पाँपेईच्या खालोखाल नाव येते ते याच व्हेरुलेमियमचे. व्हीलरची शिकवण साधी होती : वस्तूचा थर नोंदला नसेल, तर वस्तू मुकी आहे. याच व्हीलरच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात एक मराठीभाषक प्रांतातून गेलेला तरुण अभ्यासक शिकला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घातला. हसमुख सांकलिया हे त्याचे नाव. १९४४ मध्ये व्हीलर स्वतः भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक होऊन आला आणि तक्षशिलेच्या प्रशिक्षणवर्गात त्याने एका पिढीला थर वाचायला शिकवले. ज्यांना मोडी कागदांची गोडी आहे त्यांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगता येईल. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हापासून मराठी वाचकाला एक सवय लागली आहे : कागद कोणाच्या दप्तरातला, तारीख कोणती, शिक्का कोणता, हे विचारल्याशिवाय तो पत्र मानत नाही. थर हाच मातीतल्या वस्तूचा शिक्का. तो फाडून टाकलेले अंगुस्तान आणि बिनतारखेचे, बिनशिक्क्याचे पत्र यांची किंमत सारखीच. ‘ध’ चा ‘मा’ करायला दोन्ही ठिकाणी मोकळीक असते.

मग खरा काळ ठरतो कसा? लंडनमध्ये थेम्सच्या काठी मध्ययुगात नदी मागे हटवून नवी जमीन तयार केली जाई. लाकडी फळ्यांचा बांध घालायचा आणि त्यामागे शहराचा कचरा भरायचा. पुढे आणखी एक बांध, पुन्हा कचरा. या बांधांच्या लाकडातील वृक्षवलये मोजून झाड कोणत्या साली तोडले ते सांगता येते, आणि भरावातील नाणी त्या सनाला दुजोरा देतात. भराव एकदा घातला की त्यावर पुढचे बांधकाम; वरून काही घुसायला फारसा वाव नाही. लंडन संग्रहालयाच्या जेफ ईगन याने या भरावांतील घरगुती वस्तूंचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. सुया, टाचण्या, कात्र्या, किल्ल्या आणि त्यांत अंगुस्तानेही. येथे काळ सांगते ते लाकूड आणि नाणे. वस्तूच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधावा लागत नाही.

अशा भक्कम तारखांच्या वस्तू हाती आल्यावरच मग चेहरा वाचता येतो. आधी कळस मग पाया असे चालत नाही. जुन्या मध्ययुगीन अंगुस्तानांच्या माथ्यावर खळगे नसतात. मधला भाग ख्रिस्ती मठवाशांच्या मुंडलेल्या टाळूसारखा कोरा. बाजूचे खळगे हाताने, एकेक ठोका देत पाडलेले, म्हणून कधी दाट कधी विरळ. कित्येकांत ते कडेपासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे फिरत वर जातात, आणि ठोकणाऱ्याचा हात कोठे थकला, कोठे घसरला हेही दिसते. न्यूर्नबर्गच्या मालावर या वळणाच्या आरंभी कारागिराची इवलीशी खूण आढळते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जॉन लॉफ्टिंग नावाच्या हॉलंडमधून आलेल्या माणसाने इंग्लंडमध्ये कारखाना काढला, आधी लंडनजवळ इझ्लिंग्टनला, मग मार्लो येथे पाणचक्कीच्या बळावर. (आग विझवण्याचा बंब हेही त्याचेच डोके.) तेथून ओतीव पितळी अंगुस्ताने लाखांच्या हिशेबात बाहेर पडू लागली आणि खळगे यंत्राच्या चाकाने एकसारखे उमटू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरने चांदीच्या दोन पातळ थरांमध्ये पोलाद घातले, कारण निव्वळ चांदीला सुई आरपार जात असे. खळगा हाताचा की चाकाचा, माथा कोरा की भरलेला, अंगुस्तान ओतीव की पत्र्याचे, एवढे पाहिले तरी ‘रोमन’ म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल जागच्या जागी उघडा पडतो.

तरी एक शंका उरते, आणि ती सर्वांत शहाणी आहे. रोमन लोक शिवत नव्हते काय? शिवत होते. त्यांच्या सैन्याचे तंबू चामड्याचे असत, आणि चामड्याचे तुकडे जोडायला सुई लागतेच. पण गरज होती म्हणून वस्तूही होती, आणि वस्तू होती म्हणून ती धातूचीच होती, या दोन उड्या आहेत; एकही पायरी नाही. जाड चामड्याला आधी आरीने भोक पाडतात, मग सुई जाते. बोट वाचवायला चामड्याचा तुकडा पुरतो, आणि चामडे सहसा मातीत टिकत नाही. इंग्रजीतील अंगुस्तानाचा शब्दच पाहावा : तो जुन्या इंग्रजीत अंगठ्यावर चढवायच्या चामडी म्यानासाठी होता आणि अंगठ्याच्या नावावरूनच आला. शब्द धातूहून जुना आहे. जर्मन भाषेने या वस्तूला ‘बोटाची टोपी’ म्हटले. मराठीत आलेला ‘अंगुस्तान’ हा शब्द फारसी. त्यातले ‘अंगुश्त’ म्हणजे बोट, आणि संस्कृत ‘अंगुष्ठ’ हा त्याचा सख्खा भाऊबंद. नावाचे कूळ प्राचीन आहे म्हणून वस्तूचेही तितकेच प्राचीन, असे मात्र कोणी म्हणू नये. उद्या एखाद्या बंदिस्त रोमन थरातून धातूचे अंगुस्तान निघाले, थराची नोंद चोख असली, तर होम्सचा निष्कर्ष खुशाल बदलावा. तोवर तो बदलण्याचा अधिकार दुकानदाराच्या चिठ्ठीला नाही.

या खोटीचा पहिला बळी कोण, ते फारसे कोणी बोलत नाही. स्पेनच्या मुस्लिम राजवटीच्या काळातील आणि पूर्व भूमध्य प्रदेशातील एक ठळक घाट आहे : जड, ओतीव, कांद्यासारख्या टोकदार घुमटाचा. हातात घेतला तर मशिदीचा घुमट बोटावर चढवल्यासारखा वाटतो. हे काम कसबी आहे, जाड चामड्यावर आणि भरड कापडावर चालणाऱ्या हातांसाठी केलेले आहे. बाजारात मात्र तेही ‘रोमन’ होते, कारण ‘अंदलुसी’ म्हटल्यावर गिऱ्हाईक भुवया उंचावते आणि ‘रोमन’ म्हटल्यावर खिसा उघडते. त्या एका शब्दाच्या फेरफाराने कोर्दोबा-ग्रानाडाच्या प्रदेशातील कारागिराच्या हातचे काम उचलून, ज्याने ते केले याचा कसलाही पुरावा नाही अशा एका साम्राज्याच्या खात्यावर जमा होते. इतिहासात चोरी केवळ वस्तूंची होते असे नाही.

दुसरा बळी जमिनीचा. मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळणारे सगळेच लुटारू नव्हेत. इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून चालणाऱ्या स्वेच्छा-नोंदणीच्या योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे, त्यांत अंगुस्तानेही विपुल आहेत, आणि ती बहुतांशी अशाच छंदिष्टांनी आणून दिली. नांगरटीच्या वरच्या थरातली वस्तू एरवीही फुटणार होती, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. सापडलेली जागा नकाशावर टिपली, तर नुसत्या अंगुस्तानांच्या ठिपक्यांवरून कोठल्या गावाचा उकिरडा कोणत्या शेतात जात होता हे उमजू लागते. राग आहे तो जागा न सांगता विकणाऱ्यांवर, आणि त्याहून अधिक विकत घेणाऱ्यांवर.

कायद्याचे शहाणपणही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुन्या आणि किमान दहा टक्के सोने वा चांदी असलेल्या वस्तूची वर्दी देणे बंधनकारक आहे; कोरोनर तिची चौकशी करतो. म्हणून १६८० च्या सुमाराचे एखाद्या सधन घरातले चांदीचे अंगुस्तान ‘निधी’ ठरते. त्याच शेतात, त्याच दिवशी सापडलेले मोलकरणीचे पितळी अंगुस्तान, चांगले दोनशे वर्षे अधिक जुने असले तरी, कोणाला दाखवण्याचीही गरज नाही. २०२३ मध्ये अपवादात्मक महत्त्वाच्या वस्तूंसाठी धातूची अट शिथिल झाली खरी, पण साधे पितळी टोपण अपवादात्मक ठरवणार कोण? भारतातील १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा तर धातूही पाहत नाही, रुपयेच मोजतो : सापडलेल्या निधीचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर कलेक्टरला कळवावे. गरिबाच्या वस्तूने पुरावा व्हायचे तर आधी महाग व्हावे, अशी ही व्यवस्था.

तिसरी खोट सभ्य लोकांची आहे आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर सापडते. अंगुस्तान मिळाले म्हणजे ‘येथे स्त्रिया होत्या’. मेरी ब्यूड्री या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ विदुषीने २००६ मध्ये शिवणाच्या साधनांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या सवयीची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. शिंपी पुरुष होते, खोगीर शिवणारे पुरुष होते, शिडे शिवणारे पुरुष होते. आणि ‘मेरी रोझ’? १९८२ मध्ये तिचा सांगाडा समुद्रातून वर काढला गेला. चारशेहून अधिक पुरुषांचे ते जहाज. त्यांच्या खाजगी चीजवस्तूंत जुगाराचे फासे, कंगवे, सुया-दोरा आणि अंगुस्ताने होती. फाटलेला सदरा समुद्रावर कोण शिवून देणार? ज्याचा त्यानेच शिवायचा. या एका जहाजाने पाट्या लिहिणाऱ्यांची पंचाईत करून ठेवली आहे, तरी पाट्या बदलत नाहीत. क्षुल्लकपणाचा शिक्का इतका पक्का, की मोनोपॉली खेळातील अंगुस्तानाची सोंगटी २०१७ मध्ये जगभरच्या मतदानाने बाहेर काढली गेली. काही वर्षांनी तिला परत घ्यावे लागले, हा भाग वेगळा.

याहून मोठी फजिती अटलांटिकपलीकडे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मूळ रहिवाशांना पितळी अंगुस्ताने कातड्यांच्या बदल्यात दिली. तेथील वस्त्यांत आणि दफनांत ती आज मिळतात. त्यांतील अनेकांच्या माथ्याला नीट भोक पाडलेले असते. बोटाला सुईपासून वाचवायचे तर भोक हे व्यंग. पण ते पाडणाऱ्यांना बोट वाचवायचेच नव्हते. भोकातून चामड्याची वादी ओवून ती अंगुस्ताने वस्त्रांच्या काठाला किंवा पिशवीला ओळीने टांगली जात. चालताना ती एकमेकांवर आपटत आणि किणकिणत. न्यूर्नबर्गच्या किंवा मार्लोच्या कारागिराने जे टोपण म्हणून घडवले, ते समुद्र ओलांडताच घुंगरू झाले. अशी वस्तू थरातून, दफनातून, माणसाच्या अंगावरून उचलून ‘अंगुस्तान, पितळ, भोक पडलेले, सदोष’ असे लिहून विकली, तर गिऱ्हाइकाला स्वस्तात पडते. ते घुंगरू कोणाच्या कमरेला होते की लहान मुलाच्या कपड्याला, हे मग कधीच कळत नाही.